कॅनच्या गळ्याखाली

संत्र्याच्या आंबिया बहाराची पालवी फुटते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि मला मशीन मिळालं मे महिन्यात. माझ्या कामातली निम्मी अडचण या एका वाक्यात आली. संत्र्याच्या कोवळ्या शेंड्यांचे ३१ तुकडे काटोलकडच्या आमच्या बागेतच गोठवून ठेवले होते. अडीच-तीन महिने ते द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये होते, उणे १९६ अंशांवर. आता त्यांना तसंच गोठलेलं ठेवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या बोटभर धातूच्या स्टबवर, म्हणजे नमुना धरणाऱ्या ठोकळीवर, बसवायचं होतं. पान बसवायला असा किती वेळ लागणार, असं मला फेब्रुवारीत वाटत होतं.

मला पाहायची होती सिट्रस सायलाची पिल्लं. ही कीड नव्या पालवीवरच अंडी घालते आणि पिल्लं तिथेच रस शोषत बसतात. नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू पाव मिलिमीटरच्या आसपासचं, नुसत्या डोळ्यांना पिवळसर ठिपकाच दिसतो. नुकसान रस गेल्याचं होतंच, पण खरी धास्ती ग्रीनिंगची. त्या रोगाचे जिवाणू सायलाबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात आणि रोगट झाड बरं करायचा खात्रीचा उपाय आजही नाही. या पिल्लांच्या मागच्या टोकातून मेणाचे पांढरे वेटोळे धागे निघतात आणि त्यांच्याबरोबर चिकट गोड द्रव. अंगाखाली साचलेल्या त्या गोडव्यात पिल्लू स्वतःच चिकटून मरू नये, म्हणून मेणाचं वेष्टन. हे वेष्टन नेमकं कसं असतं, ते पानाच्या स्वतःच्या मेणाला कुठे टेकतं, हा माझा विषय.

आता नेहमीच्या पद्धतीने नमुना तयार केला तर काय होतं? आधी ग्लुटारल्डिहाइडमध्ये ठेवायचा, मग चढत्या क्रमाने अल्कोहोलमधून काढायचा, मग वाळवायचा, मग वर सोन्याचा पातळ थर. पाण्यात गोड द्रव जातो, अल्कोहोलमध्ये मेण जातं. म्हणजे मला जे पाहायचं तेच धुऊन टाकायचं आणि उरलेल्या पिल्लाचा फोटो काढायचा. म्हणून क्रायो. पाण्याला काढून टाकायचं नाही, जागच्या जागी बर्फ करायचं आणि तसंच मशीनमध्ये न्यायचं.

गोठवण्याच्या दिवशी काका बरोबर होते. माझे काका पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून गावोगाव कृत्रिम रेतन करत फिरण्यात गेली. आमच्या लॅबमध्ये ज्याला ड्युअर म्हणतात त्याला ते कॅनच म्हणतात, आणि त्यांचं बघून मीही. मी चिमट्याने डबी वर काढून आतला तुकडा नीट बसलाय का बघत होते, तर ते एकदम ओरडलेच.

"गळ्याच्या वर नको काढू त्याले! वर आलं का मेलं. पाह्यचं ते आतल्या आत पाह्य."

वीर्याची कांडी कॅनच्या गळ्यात फार वेळ धरली तरी ती तापायला लागते, आणि पुन्हा आत सोडली तरी झालेलं नुकसान भरून निघत नाही. आतले बर्फाचे कण मोठे होऊन बसतात. वरून कांडी तशीच दिसते. गाय उलटल्यावर, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्यावर कळतं. काकांना हे कुणी तापमानाचे आलेख काढून शिकवलं नव्हतं, उलटलेल्या गायींनी शिकवलं होतं. माझ्या पानांनाही तोच नियम. अतिवेगाने गोठलेलं काचेसारखं बर्फसुद्धा उणे १३५ च्या आसपास पोचलं की स्फटिक व्हायला लागतं.

माझं बर्फ मुळात तेवढं चांगलं नव्हतं, हेही सांगायला हवं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचत राहतो, चटकन आटत नाही. पान नायट्रोजनमध्ये बुडवलं की तेच उलट्या बाजूने होतं. नायट्रोजनच्या दृष्टीने पानच तापलेला तवा. त्याच्याभोवती वायूचं आवरण तयार होतं आणि थंडी आत शिरायला उशीर लागतो. लॅबमध्ये यावर उपाय म्हणजे नायट्रोजनवरची हवा पंपाने ओढायची, तो स्वतःच उणे २१० अंशांवर गोठू लागतो, आणि त्या अर्धवट गोठलेल्या रबडीत नमुना बुडवला की लगेच उकळी फुटत नाही. बागेत पंप कुठला? आम्ही साध्या नायट्रोजनमध्येच बुडवलं. पेशींच्या आतली रचना पाहायची असती तर हे चाललं नसतं. मला वरचं मेण पाहायचं होतं, आणि मेणात पाणी नसतं. एवढ्या हिशेबावर मी ते पत्करलं.

प्रत्येक शेंड्याला तीन-चार मिलिमीटरचा देठ मुद्दाम ठेवला होता. त्या दिवशी घेतलेल्या निर्णयांपैकी हा सर्वांत उपयोगी पडला. डब्यांच्या झाकणांना सुईने भोकं पाडली, कारण बंद डबीत द्रव नायट्रोजन अडकला आणि ती बाहेरच्या गर्मीत आली तर फुटते. एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. याच कारणाने नागपुरात आल्यावर कॅन लिफ्टमध्ये एकटा वर जायचा आणि आम्ही जिना चढायचो. लिफ्ट मध्येच बंद पडली तर त्या खोक्यातला प्राणवायू किती उरेल, याचा विचार केला की तीन मजले जड वाटत नाहीत.

मे महिना उजाडला. आमच्या एसईएमला, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला, क्रायोची जोड नुकतीच बसवली होती. ती चालवणाऱ्यांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो. मशीन त्यांच्या हातातलं. पण गोठलेला नमुना बसवायची वेळ त्यांच्यावरही क्वचितच आली होती, कारण बहुतेक लोक ताजा नमुना आणतात. ताजं पान स्टबवर ओसीटी नावाच्या पाणीदार डिंकात कोलॉइडल ग्राफाइट कालवून चिकटवायचं आणि सगळंच एकत्र गोठवायचं, ही सोपी रीत. माझ्याकडे पान आधीच गोठलेलं.

पहिल्या दिवशी कार्बन टेप वापरून पाहिली. नेहमीच्या एसईएमसाठी आम्ही सगळे तीच लावतो, हाताला सवय आहे. नायट्रोजनमध्ये गेल्यावर टेपचा चिकटपणा संपतो, ती कडक कागदासारखी होते. पान तिच्यावर ठेवलं, स्टब जरासा कलला आणि तुकडा घसरून तळाशी गेला. दोन तुकडे गेले. मग ओसीटीचा थेंब थंड स्टबवर टाकून, तो गोठायच्या आत देठ त्यात टेकवायचा प्रयत्न केला. थेंब एक तर आधीच गोठायचा किंवा इतका गरम असायचा की देठाकडची बाजू वितळून हिरवी ओलसर दिसायची. पुन्हा गोठली तरी ते पान मग माझ्या कामाचं नव्हतं. आणखी दोन गेले.

थंडीत काम करणारे डिंकही आहेत. काही लॅबमध्ये हेप्टेन वापरतात, ते उणे ९१ च्या आसपास गोठतं. काही ठिकाणी इथेनॉल आणि आयसोप्रोपेनॉलचं मिश्रण वापरतात, ते अतिथंडीत काकवीसारखं घट्ट होतं. कडक, स्वच्छ तुकड्यांसाठी ही पद्धत उत्तम. पण हेप्टेन हा मेण विरघळवणारा द्राव. ज्या मेणासाठी तीन महिने कॅन सांभाळला त्याच्या जवळ मी तो नेणार नव्हते. इतक्या थंडीत तो मेणाला काही करणार नाही, असं आमच्या सरांचं मत होतं, आणि ते कदाचित बरोबरही असेल. मी नाहीच म्हटलं.

उरला शिकंजा. स्टबला उभी खाच असते आणि बाजूने बारीक स्क्रू. खाचेत देठ उभा करायचा आणि एलन कीने आवळायचा. उणे १९६ ला पान म्हणजे पापड. पहिल्या पाचांचे देठ आवळताना कडकन तुटले आणि शेंडा पिल्लांसकट उडाला. तो आवाज फार बारीक असतो, नायट्रोजनच्या सळसळीत ऐकूही येऊ नये असा, पण मला प्रत्येक वेळी ऐकू आला.

यातून वाट निघाली इंडियममुळे. इंडियम हा मऊ धातू, नखाने ओरखडा पडतो, आणि त्याचा गुण असा की द्रव नायट्रोजनच्या थंडीतही तो मऊच राहतो. म्हणून अतिथंड उपकरणांच्या जोडांमध्ये त्याची सील वापरतात. त्याच्या पातळ पत्र्याची छोटी पट्टी मधोमध दुमडून खाचेत बसवली, आणि देठ त्या दुमडीत. स्क्रू आवळला की इंडियम दबतं, देठाच्या उंचवट्या-खोलग्यांचा आकार घेतं आणि त्याला सगळीकडून धरतं. शिवाय धातूच असल्याने पानातली उष्णता आणि वीज दोन्ही त्याच्यातून स्टबकडे उतरतात. हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा. पडद्यावर जो उणे १४० चा आकडा दिसतो तो स्टेजचा, म्हणजे मशीनमधल्या स्टबखालच्या बैठकीचा असतो, पानाचा नव्हे. पान स्टबला नीट टेकलेलं नसेल तर ते किती अंशांवर आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि इलेक्ट्रॉनचा झोत पडला की चित्र पांढरं होऊन पळायला लागतं.

बसवण्याची खरी कृती अशी. थर्माकोलचा खोका, त्यात ॲल्युमिनियमचा ठोकळा, ठोकळ्यावर स्टब, आणि स्टबच्या वर जेमतेम बोटाच्या पेराएवढा नायट्रोजन. चिमटा आधी बुडवायचा. तो चुर्र करून उकळी काढतो. ती पूर्ण थांबेपर्यंत हात हलवायचा नाही, नाही तर ज्या चिमट्याने पान उचलणार तोच पानाला चटका देणार. उकळी थांबली की नायट्रोजन विहिरीच्या पाण्यासारखा नितळ दिसतो. मग डबी आडवी करायची, तुकडा ओघळू द्यायचा, देठाला धरायचं, शेंड्याला नाही, आणि एका दमात खाचेत. पृष्ठभागाच्या वर काही येऊ द्यायचं नाही. तोंडाला मास्क, कारण आपला श्वास म्हणजे पाण्याची वाफ. हातात सैल क्रायो ग्लोव्हज, सुती मोजे कधीच नाहीत, ते नायट्रोजन पितात आणि कातडीला धरून ठेवतात. त्या जाड हातमोज्यांतून दीड मिलिमीटरची एलन की फिरवायची. पहिल्यांदा यशस्वी झालं तेव्हा मी स्क्रू आणखी अर्धा फेरा फिरवायच्या मोहात होते. भाऊ मागून हळूच म्हणाले, "मॅडम, बस झालं, धरलं त्यानं."

त्याच आठवड्यात खोलीच्या एसीचा कंप्रेसर बसला. बाहेर ४४-४५ अंश. कुणीतरी चांगल्या मनाने खिडकीत मोठा कूलर लावून दिला, आणि मला खरंच बरं वाटलं. नागपूरच्या माणसाला मे महिन्यात वाळ्याचा वास आणि कूलरची घरघर म्हणजे आईची कूसच. त्या हवेत मी चार तुकडे बसवले. हात आता सरावले होते, एकही तुटला नाही.

संध्याकाळी पडद्यावर पिल्लू आलं आणि मी खुर्चीतून उठलेच. अंगभर, पानभर, पिसांसारखी नाजूक पांढरी रचना. सुया, त्यांना फाटे, फाट्यांना पुन्हा फाटे. मेण इतकं दाट असतं हे कुठेच वाचलं नव्हतं. मी सरांना फोन करायला निघाले होते. भाऊंनी थांबवलं. "मॅडम, एकदा गरम करून पाहू." त्यांनी नमुना उणे ९५ पर्यंत आणला. निर्वातात या तापमानाला बर्फ वितळत नाही, सरळ वाफ होऊन उडून जातं. मेण जागचं हलत नाही. दहा-बारा मिनिटं आम्ही दोघं बघत होतो. सुया बारीक झाल्या, फाटे गळाले, पिसं विरली. खाली उरलं उघडं पान आणि पिल्लू, आणि मेणाचा एक वाकडा धागा. त्याच्याजवळचे गोड द्रवाचे थेंब मात्र पाणी उडून सुरकुतले होते, खारकेसारखे. ते थेंबच मला हवे होते. चारही नमुन्यांचं तेच झालं.

मी जे मेण समजले ते कूलरचं पाणी होतं. घरी येऊन वहीत हिशेब मांडला. बाहेरची दुपारची हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर एका घनमीटरमध्ये साधारण ९ ग्रॅम वाफ. कूलरने गार केलेली हवा २८ अंश आणि ७५ टक्के धरली तर २० ग्रॅम. ज्या उन्हाळ्याला आम्ही शिव्या देतो तो गोठलेल्या नमुन्यासाठी फार चांगला, कोरडा ठणठणीत. त्यात दुप्पट वाफ आम्हीच कालवली होती. जुलैत पाऊस लागल्यावर तर बाहेरच २० ग्रॅमच्या वर जातं, तेव्हा हे काम उघड्यावर करायचा विचारही करू नये.

रात्री काकांना फोन केला. मी आधी पूर्ण हकीकत सांगितली, मेणाचीसुद्धा. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "नायट्रोजनमंदी पांढरी भुकटी दिसत होती का तळाले?" दिसत होती. "मंग तो नायट्रोजन बदलाले पाह्यजे होता. आम्ही कॅनच्या तळाचा कधी वापरत नाही. हवेतलं पाणी पडून पडून बर्फच असते त्याच्यात." कॅन उघडला, ओतला, ठेवला, की दर वेळी थोडी हवा आत जाते आणि तिच्यातलं पाणी बारीक बर्फ होऊन तळाशी बसतं. मी तोच गढूळ नायट्रोजन खोक्यात ओतत होते आणि चिमट्याने ढवळत होते. तुकडा बाहेर काढलाच नव्हता, तरी त्याच्यावर बर्फ बसत होता.

दुसऱ्या दिवशीपासून पहाटे पाचला. कूलर बंद, खिडक्या उघड्या, पंखाही नाही. आदल्या संध्याकाळी ताजा भरलेला कॅन, ओतताना तोंडाला पातळ मलमलीचं फडकं, शेवटचा घोटभर नायट्रोजन कॅनमध्येच सोडायचा. खोक्यावर ॲक्रिलिकचं झाकण, फक्त दोन हात जातील एवढी फट. नायट्रोजनचा पांढरा धूर खोक्याच्या काठापर्यंत भरून राहतो, तोच नमुन्याचं पांघरूण. हात जोरात हलवला की तो फाटतो आणि खोलीतली हवा आत घुसते. म्हणून हात सावकाश. आणि स्टब वर ओढायची वेळ आली की मात्र झटक्यात. भांड्यावर ट्रान्सफरची नळी बसवायची, पंप सुरू, नायट्रोजन गोठायला लागला की दांड्याने स्टब वर ओढून झडप बंद. सावकाश कुठे आणि झटक्यात कुठे, हे हातात बसायला मला तीन पहाटा लागल्या. घामाने पाठ भिजलेली असायची. कपाळाचा थेंब खोक्यात पडू नये म्हणून माझी ज्युनिअर रुमाल घेऊन शेजारी उभी. तिने मला एकदाही बोलायला लावलं नाही.

उरलेल्या १८ पैकी त्या तीन दिवसांत ११ तुकडे बसवले. सात चांगले निघाले. बाकीच्यांपैकी दोन फुटले, दोघांवर पिल्लंच नव्हती, बागेत तुकडा पकडताना गळून पडली असावीत.

सातवा तुकडा मी विसरणार नाही. उणे ९५ वर दोनच मिनिटं ठेवला, वरचं उडतं बर्फ जाण्यापुरता. मग सोने-पॅलेडियमचा थर, मग स्टेजवर, तीन किलोव्होल्टचा मंद झोत. पिल्लू चपटं, पानाच्या मधल्या शिरेला बिलगलेलं. मागून एक नळी निघालेली, साखरेच्या पाकात बुडवून काढलेल्या शेवयेसारखी गोल वळलेली. तिची भिंत मेणाच्या अगदी बारीक पट्ट्यांनी विणलेली होती. एका जागी ती चिरली होती आणि चिरेतून आतला द्रव फुगून बाहेर आलेला, गोल, तुकतुकीत, कुठेही सुरकुती नाही. ज्या क्षणी नायट्रोजनमध्ये बुडाला त्या क्षणाचा थेंब. भाऊंनी लांबी मोजायची रेघ ओढली आणि काही न बोलता चित्र सेव्ह केलं.

रविवारी काटोलला गेले तेव्हा ते काकांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, जवळ घेतला, लांब धरला. थेंबावर बोट ठेवून विचारलं, "हे कोण्या झाडावरचं?"

डबीवर पेन्सिलने लिहिलं होतं, खालच्या वावरातली तिसरी ओळ, सातवं झाड. सांगितलं. ते उठले, पायात चप्पल घातली आणि टॉर्च घेऊन तिकडे निघाले. मृगाची पालवी यायला अजून महिना होता, झाडावर काहीच दिसणार नव्हतं. मीही मागून गेले.

सात तुकडे अजून कॅनमध्ये आहेत. दर सोमवारी नायट्रोजन भरते.